मराठी अक्षरे कॅडमध्ये का फुटतात, आणि फॉन्ट बसवायचा किंवा बदलायचा कसा

सांगलीत विश्रामबागेतल्या ऑफिसात कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर नकाशे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, काढलेला प्लॅन साताऱ्यात पोवई नाक्यावर उघडला, की रेषा जागच्या जागी असतात, मापे बरोबर असतात, फक्त मराठी मजकूर गेलेला असतो. कुठे प्रश्नचिन्हांची रांग, कुठे चौकोन, कुठे इंग्रजी अक्षरांची खिचडी. मग 'फॉन्ट पाठवा' असा फोन जातो. फॉन्ट येतो, बसवला जातो, आणि तरीही अर्धा मजकूर तसाच राहतो. याचे कारण असे, की हे एकाच दुखण्याचे प्रकार नव्हेत. प्रत्येक बिघाडाचे मूळ निराळे आहे आणि उपायही निराळा. अक्षरे कशी फुटली आहेत ते आधी नीट बघायचे आणि मगच फॉन्टला हात लावायचा, हा क्रम पाळला तर निम्मे काम वाचते.

यात हयगय परवडत नाही. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कृष्णाकाठच्या प्लॉटच्या नकाशात या दोन रेषांची नावेच उमटली नाहीत आणि प्रिंट काळी-पांढरी असली, तर कोणती रेषा कोणती हे वाचणाऱ्याने ओळखायचे कसे?

खालचे तपशील ऑटोकॅड धरून दिले आहेत. त्याच्यासारख्या इतर कॅड सॉफ्टवेअरमध्ये कमांडची नावे बहुतांशी तीच असतात.

फुटलेला मजकूर काय सांगतो

कॅडमध्ये मराठी तीन मार्गांनी येते. पहिला मार्ग एसएचएक्स फॉन्टचा. हा कॅडचा स्वतःचा, रेघांनी काढलेला फॉन्ट. सिम्प्लेक्स, रोमन्स, आयएसओसीपी ही त्यातली रोजची नावे. दुसरा मार्ग जुन्या पद्धतीच्या ट्रूटाइप फॉन्टचा: शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी, सी-डॅकचे डीव्ही मालिकेतले फॉन्ट. यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. तिसरा मार्ग युनिकोडचा: मंगल, निर्मला यूआय, मुक्ता, नोटो सान्स देवनागरी. इथे 'क' हा खरोखरच 'क' म्हणून साठवला जातो, त्याचा क्रमांक ०९१५.

आता पडद्यावर काय दिसते ते बघा. प्रश्नचिन्हे दिसत असतील तर बहुधा मजकूर शाबूत आहे. युनिकोड मराठीला एसएचएक्स फॉन्टची स्टाइल (मजकुराचा फॉन्ट आणि उंची ठरवणारी सेटिंग) लागली आहे आणि त्या फॉन्टमध्ये देवनागरीच नाही. मजकुरावर क्लिक करून प्रॉपर्टीज पॅलेटमधला 'कन्टेन्ट्स' रकाना वाचा. तिथे मराठी नीट दिसली तर स्टाइलचा फॉन्ट बदलला की काम झाले, रूपांतराची गरजच नाही. तिथेही प्रश्नचिन्हेच असतील तर मात्र मजकूर गेला. साध्या टेक्स्ट फाइलमधून किंवा जुन्या स्क्रिप्टमधून ने-आण करताना असे होते. मग मूळ फाइल मिळवण्याशिवाय इलाज नाही.

चौकोन दिसले तर फॉन्ट ट्रूटाइप आहे, पण त्यात देवनागरी अक्षरे नाहीत. यालाही उपाय तोच, फॉन्ट बदला.

इंग्रजी खिचडी दिसली तर मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टचा आहे. कृतिदेवमध्ये 'भारत' लिहिला की फाइलमध्ये प्रत्यक्षात कॅपिटल एच, के, के, जे, आर ही पाच इंग्रजी अक्षरे साठतात. फॉन्ट असेल तोवर डोळ्यांना 'भारत' दिसतो आणि फॉन्ट नसला की मूळ पाच अक्षरे उघडी पडतात. इथे दोनच वाटा: नेमका तोच फॉन्ट बसवायचा किंवा मजकूरच युनिकोडमध्ये बदलायचा. मंगल लावून काही होत नाही. मंगल त्या पाच अक्षरांना इंग्रजी अक्षरेच समजणार, आणि त्यात चूक काहीच नाही.

चौथा प्रकार फसवा असतो. सगळी अक्षरे मराठी दिसतात, पण 'खिडकी'तली पहिली वेलांटी 'ख'च्या उजवीकडे जाऊन बसते, 'क्षेत्र'मध्ये पाय मोडलेला क आणि सुटा ष दिसतो. इथे जोडाक्षरे जुळवण्याचे नियम लागू झालेले नाहीत. हे नियम फॉन्टच्या आत तक्त्यांच्या रूपात असतात आणि सॉफ्टवेअरने ते वाचावे लागतात. एक तर फॉन्टमधून ते तक्ते गळाले आहेत, नाही तर कॅडची ती आवृत्ती ते वाचत नाही.

कधी उलटी तिरकी रेघ, यू, अधिक चिन्ह आणि पुढे ०९१५ अशी माळ दिसते. २००७ पासूनच्या डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची स्वतःची ड्रॉइंग फाइल) आणि डीएक्सएफ (दुसऱ्या सॉफ्टवेअरला द्यायची ड्रॉइंग फाइल) या फाइली युनिकोड आहेत. त्याआधीच्या स्वरूपात सेव्ह केले की देवनागरी अक्षरे अशा खुणांनी लिहिली जातात. ऑटोकॅड त्या वाचून परत 'क' दाखवते, पण लेझर कटिंगचे किंवा दुसरे एखादे सॉफ्टवेअर माळ जशीच्या तशी छापते. समोरच्याने जुने स्वरूप मागितले नसेल तर २००७ किंवा त्यानंतरच्याच स्वरूपात फाइल द्या.

ट्रूटाइप बसवताना

फाइल झिपमध्ये आली असेल तर आधी बाहेर काढा. मग टीटीएफ फाइलवर राइट क्लिक करा. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून इथे दोन पर्याय येतात, 'इन्स्टॉल' आणि 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स'. विंडोज ११ मध्ये ते दिसले नाहीत तर 'शो मोअर ऑप्शन्स' दाबा. बहुतेक जण सवयीने पहिला पर्याय निवडतात आणि इथेच घोटाळा होतो. नुसत्या 'इन्स्टॉल'ने फॉन्ट त्या वापरकर्त्याच्या खासगी फोल्डरात जातो, सी ड्राइव्हवरच्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात जात नाही. वर्डमध्ये तो दिसतो, कॅडच्या यादीत मात्र अनेकदा दिसत नाही, आणि माणूस फॉन्टच खराब आहे असे समजून दुसरा शोधत बसतो. दुसराच पर्याय वापरा. त्याला ॲडमिन पासवर्ड लागतो. कॅड उघडे असेल तर बंद करून पुन्हा सुरू करा, कारण फॉन्टची यादी ते सुरू होताना वाचते.

गूगल फॉन्ट्सवरून मुक्ता किंवा नोटो उतरवताना एक गोष्ट पाहा. काही फॉन्टच्या झिपमध्ये वर एक 'व्हेरिएबल' फाइल (सगळ्या जाडी एकातच असलेली) असते आणि आत 'स्टॅटिक' नावाचे फोल्डर. व्हेरिएबल फाइल कॅडच्या कामाची नाही. स्टॅटिकमधल्या 'रेग्युलर' आणि 'बोल्ड' या दोनच फाइली बसवा. सगळ्या नऊ-दहा जाडी बसवून फक्त यादी लांबते.

नव्या संगणकावर मंगल सापडत नाही ही तक्रार नेहमीची. विंडोज १० पासून देवनागरीसाठी निर्मला यूआय आपोआप येतो. मंगल, कोकिला, अपराजिता, उत्साह हे 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या ऐच्छिक भागात गेले आहेत. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' शोधा आणि तिथून हा भाग जोडा. कुणाच्या पेन ड्राइव्हवरून मंगलची जुनी प्रत घेऊ नका. जुन्या प्रतींमध्ये 'ॲ' हे अक्षर नसण्याची शक्यता असते. युनिकोडमध्ये ते २००८ साली आले. 'ॲल्युमिनियम खिडकी' लिहिताना अडचण येते ती इथे.

एसएचएक्स कुठे ठेवायचा

एसएचएक्स फाइल विंडोजमध्ये बसवायची नसते. कॅडला ती सापडली म्हणजे झाले. ऑटोकॅडच्या स्वतःच्या फॉन्ट्स फोल्डरात, ड्रॉइंगच्या शेजारी किंवा शोधमार्गातल्या कुठल्याही फोल्डरात ती चालते. बहुतेक ऑफिसांत पहिला मार्ग वापरतात. तो सोपा आहे, पण टिकाऊ नाही: नवी आवृत्ती आली की तिचे फोल्डर नवे असते आणि वर्षानुवर्षे जमवलेले फॉन्ट जुन्यातच राहतात. त्यापेक्षा सर्व्हरवर एक फोल्डर करा, 'ऑप्शन्स' कमांड देऊन 'फाइल्स' टॅबमधल्या 'सपोर्ट फाइल सर्च पाथ'मध्ये ते जोडा आणि प्रत्येक संगणकावर तेच ठेवा.

दुसऱ्या ऑफिसचे फॉन्ट फोल्डर आले की त्यातून फक्त एसएचएक्स आणि टीटीएफ फाइली उचला. एलएसपी किंवा एफएएस फाइली, म्हणजे कॅडमध्ये चालणारे छोटे प्रोग्राम, सोबत घेऊ नका. कॅडमधून पसरणारे व्हायरस याच मार्गाने फिरतात. एक-दोन केबीची 'एकॅडडॉक' नावाची फाइल प्रत्येक ड्रॉइंग फोल्डरात आपोआप दिसू लागली तर समजा की लागण झाली आहे.

ड्रॉइंग उघडल्यावर एफ२ दाबून टेक्स्ट विंडो वाचण्याची सवय लावून घ्या. कोणता फॉन्ट सापडला नाही आणि त्याच्याजागी कोणता घेतला, हे तिथे नावानिशी लिहिलेले असते. न सापडलेल्या फॉन्टऐवजी काय घ्यायचे ते 'फॉन्टऑल्ट' या सेटिंगमध्ये असते, मुळात सिम्प्लेक्स. एखाद्या ठरावीक फॉन्टऐवजी दुसरा हवा असेल तर 'एकॅड डॉट एफएमपी' फाइलमध्ये मूळ नाव, अर्धविराम आणि बदली नाव अशी ओळ घालतात. शिवाजीऐवजी मंगल अशी ओळ घालून जुनी ड्रॉइंग सुधारण्याचा प्रयत्न अनेक जण करतात. त्याने काही साधत नाही. बदलतो तो फॉन्ट. आतले कोड इंग्रजीच राहतात.

स्टाइल आणि एमटेक्स्टमधली गाठ

'स्टाइल' कमांडने नवी स्टाइल करा, फॉन्ट निवडा, उंची शून्य ठेवा. उंची स्टाइलमध्येच बांधली तर प्रत्येक मापासाठी नवी स्टाइल करत बसावे लागते. 'विड्थ फॅक्टर' १ ठेवा. देवनागरी ०.८ ला दाबली तर क्ष, द्ध, ट्ट असली जोडाक्षरे छोट्या प्रिंटमध्ये बुजतात.

उंचीचा हिशोब सोपा आहे. कागदावर ३.५ मिमी अक्षर हवे, प्रमाण १:१०० आणि ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, तर उंची ३५०. ड्रॉइंग मीटरमध्ये असेल तर ०.३५. इंग्रजी टीप २.५ मिमीत वाचता येते. मराठीला वर रफार-मात्रा आणि खाली उकार-ऋकार असल्यामुळे ३.५ मिमीच्या खाली जाऊ नये. ट्रूटाइपची उंची कॅड इंग्रजी कॅपिटल अक्षरावर मोजते. म्हणून एकाच उंचीचा मंगल आणि मुक्ता कागदावर लहानमोठा दिसतो. ऑफिसचा एक फॉन्ट ठरवा, त्याची एक प्रिंट काढून पट्टीने मोजा आणि मगच टेम्प्लेट पक्के करा.

स्टाइल बदलली तरी मजकूर बदलत नाही, असा अनुभव एमटेक्स्टमध्ये, म्हणजे कॅडमधल्या अनेक ओळींच्या मजकुरात, येतो. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरासोबत त्याचा फॉन्टही आत कोरला जातो आणि तो स्टाइलला जुमानत नाही. एडिटरमध्ये सगळा मजकूर निवडून 'रिमूव्ह फॉरमॅटिंग' द्या, मग स्टाइल लागू होते. पुढच्या वेळी आधी नोटपॅडमध्ये चिकटवून तिथून घ्या.

जोडाक्षरांची चाचणी टेम्प्लेट करतानाच घ्या. ही ओळ टंकलिखित करा: 'कृष्णा नदीची निळी पूररेषा, पूर्वेकडील पायऱ्या, क्षेत्र, ॲल्युमिनियम खिडकी, शौचालय'. साधा टेक्स्ट आणि एमटेक्स्ट दोन्हींत टाका, पडद्यावर बघा, पीडीएफ काढून बघा. 'पायऱ्या' इथे सगळ्यांत कडक परीक्षा घेतो. 'ऱ्य'मधला आडवा अर्धा र हवा. त्याऐवजी 'य'वर रफार आला तर फॉन्ट किंवा टंकलेखनाचा लेआउट मराठीच्या नियमांनी चाललेला नाही. आधी कळफलक तपासा: विंडोजच्या भाषा-सेटिंगमध्ये हिंदी नव्हे, मराठी जोडलेली असावी.

एमटेक्स्टमधले 'ट्रॅकिंग' १ च्या पुढे नेऊ नका. अक्षरांमध्ये फट पडते आणि शिरोरेषा तुटते. मापांसाठी मात्र वेगळी स्टाइल ठेवा, आयएसओसीपीसारखा एसएचएक्स उत्तम. डायमेन्शनचे आकडे आणि क्षेत्रफळाचे फील्ड इंग्रजी अंकांतच येतात. त्यांना देवनागरी करायच्या फंदात पडू नये, कारण हाताने बदललेला आकडा पुढे भिंत सरकली तरी बदलत नाही.

जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये

इथे फॉन्ट बदलायचा नसतो, मजकूर बदलायचा असतो, आणि त्यासाठी मूळ फॉन्टचे अचूक नाव लागते. 'लिस्ट' कमांडने स्टाइल कळते, स्टाइलच्या खिडकीत फॉन्ट कळतो. शिवाजी आणि कृतिदेव यांचे तक्ते वेगळे आहेत. चुकीचा तक्ता वापरला तर एका कचऱ्याचा दुसरा कचरा होतो.

दहा-वीस ओळी असतील तर सरळ नव्याने टाइप करा, तेच लवकर होते. मोठ्या लेआउटमध्ये, म्हणजे गट नंबर, खातेदारांची नावे, रस्त्यांची नावे अशा शेकडो नोंदी असतील तर छोट्या लिस्प प्रोग्रामने (लिस्प ही ऑटोकॅडमध्ये प्रोग्राम लिहिण्याची भाषा) मजकूर एक्सेलमध्ये काढा, प्रत्येक ओळीसोबत तिचे हँडल, म्हणजे ड्रॉइंगमधला तिचा ओळख क्रमांक, आणि स्थान घ्या, रूपांतर करा आणि तशाच प्रोग्रामने हँडलनुसार परत घाला. परत घालताना एमटेक्स्टमधली उलटी तिरकी रेघ आणि महिरपी कंस ही कॅडची स्वतःची चिन्हे आहेत हे ध्यानात ठेवा. जुन्या फॉन्टमध्ये नेमक्या याच जागांवर एखादे अर्धे अक्षर असू शकते, आणि प्रोग्रामने मजकूर काढताना-घालताना ते गिळले जाते. दोन टक्के-चिन्हे शेजारी आली आणि पुढे सी आला की व्यासाचे चिन्ह उमटते, तोही याच जातीचा प्रकार.

रूपांतर झाले की पाच जागा डोळ्यांनी तपासा: ऱ्हस्व वेलांटी, रफार, ऱ्य आणि ऱ्ह, श्र-क्ष-ज्ञ आणि आकडे. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते. रफाराचे उलटे: जुन्यात नंतर, युनिकोडमध्ये आधी. रूपांतरक चुकतो तो याच दोन ठिकाणी. खातेदाराच्या नावात अशी चूक राहिली तर सातबाऱ्यावरचे नाव आणि नकाशावरचे नाव जुळत नाही.

जी जुनी ड्रॉइंग फक्त दफ्तरी ठेवायची आहेत ती बदलण्यात वेळ घालवू नये. मूळ फॉन्ट त्याच प्रकल्पाच्या फोल्डरात ठेवून द्या आणि एक पीडीएफ काढून शेजारी ठेवा. त्या फाइलीत मजकूर भरायची वेळ आलीच तर 'टेक्स्टऑटोकरेक्टकॅप्स' ही सेटिंग शून्य करा. जुन्या फॉन्टमध्ये कॅपिटल आणि स्मॉल अक्षर म्हणजे दोन वेगळे मराठी तुकडे असतात, आणि कॅप्स लॉक चुकून राहिला असे समजून कॅडने ती उलटवली की शब्द बिघडतो.

ओटीएफचा टीटीएफ

काही चांगले देवनागरी फॉन्ट फक्त ओटीएफ स्वरूपात मिळतात. त्यांतल्या पोस्टस्क्रिप्ट पद्धतीच्या बाह्यरेषा कॅडला पचत नाहीत, म्हणून टीटीएफ करावा लागतो. त्याआधी परवाना वाचा. एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स असेल तर बदल करता येतो, मात्र राखीव नाव असेल तर ते बदलावे लागते. विकत घेतलेल्या फॉन्टच्या परवान्यात रूपांतराला बहुधा मनाई असते.

फॉन्टफोर्ज हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. फाइल उघडा, 'एलिमेंट'मधून 'फॉन्ट इन्फो'मध्ये जा. 'पीएस नेम्स' आणि 'टीटीएफ नेम्स' या दोन्ही ठिकाणी नाव बदला. विंडोज आणि कॅड फाइलचे नाव पाहत नाहीत, आतले नाव पाहतात. मूळ आणि बदललेला फॉन्ट एकाच नावाचे असले तर कोणता लागला ते कळायला मार्ग नाही. 'जनरल'मध्ये एम साइज (अक्षराच्या चौकटीची एकके) १००० असेल तर 'स्केल आउटलाइन्स'ची खूण ठेवून २०४८ करा. मग 'जनरेट फॉन्ट्स' आणि स्वरूप 'ट्रूटाइप'. तयार फाइलला तीच 'पायऱ्या'वाली चाचणी द्या. फाइल चढवा-उतरवा पद्धतीचे ऑनलाइन रूपांतरक टाळलेले बरे: त्यातले बरेच जोडाक्षरांचे तक्ते वाटेतच टाकून देतात, अक्षरे तेवढी उरतात.

टीटीएफचा एसएचएक्स होतो का?

इंग्रजीचा होतो, युनिकोड मराठीचा सरळ होत नाही. एसएचएक्समध्ये एका कोडला एक आकृती, एवढाच नियम आहे. वेलांटी मागे सरकवणे, दोन अक्षरांचे जोडाक्षर करणे याला तिथे जागाच नाही. शिवाय टीटीएफमध्ये अक्षराची बाह्यरेषा असते, म्हणून रूपांतरकातून निघालेला एसएचएक्स पोकळ अक्षरांचा होतो.

तरीही कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या कारखान्यांना कास्टिंगवर किंवा पट्टीवर एकाच रेघेने अक्षर कोरायचे असते आणि त्यासाठी एसएचएक्ससारखे दुसरे काही नाही. तेव्हा अक्षरे हाताने घडवावी लागतात. एसएचपी ही साधी टेक्स्ट फाइल नोटपॅडमध्ये लिहायची आणि 'कम्पाइल' कमांडने तिचा एसएचएक्स करायचा. शून्याने सुरू होणाऱ्या तीन अंकी सांकेतिक आकड्यात मधला अंक लांबी आणि शेवटचा दिशा: ० म्हणजे उजवीकडे, ४ वर, ८ डावीकडे, सी खाली. नुसता १ म्हणजे पेन टेकवा, २ म्हणजे उचला, एकटे ० म्हणजे अक्षर संपले.

काना असा लिहिता येतो: २, ०८४, १, ०४०, २, ०२८, १, ०८सी, २, ०२०, ०. फाइलीत हे आकडे अर्थातच इंग्रजीत. पेन उचलून ८ वर, टेकवून ४ उजवीकडे ही शिरोरेषा. उचलून २ मागे, टेकवून ८ खाली ही उभी रेघ. उचलून २ पुढे, समाप्त. मोजले तर ११ बाइट. अक्षराच्या वरच्या ओळीत तारांकन, कोड क्रमांक, बाइटची हीच संख्या आणि नाव लिहायचे. संख्या एकाने जरी चुकली तरी फाइल कम्पाइल होत नाही. पेन शेवटी सुरुवातीपासून बरोबर ४ पुढे, म्हणजे शिरोरेषेच्या टोकाखाली थांबतो हे बघा. इंग्रजी फॉन्टमध्ये अक्षरानंतर फट सोडतात. मराठीत ती सोडली की शिरोरेषा तुटली.

फाइलीच्या सुरुवातीला तारांकन, ०, ४ आणि फॉन्टचे नाव, खालच्या ओळीत वरची उंची ८, खालची २ आणि मग दोन शून्ये. कोड १० नव्या ओळीसाठी राखीव ठेवायचा. शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबायला विसरू नका. एका अक्षराला २००० बाइटची मर्यादा आहे, पण तिथपर्यंत कुणी जात नाही. पाट्यांवर नेहमी लागणारे पंधरा-वीस शब्दच असतील तर पूर्ण वर्णमाला घडवण्यापेक्षा तेवढ्याच शब्दांच्या आकृत्या करा. एक्सप्रेस टूल्समधली 'एमकेशेप' कमांड काढलेल्या रेषांपासून आकृती बनवून देते.

कटिंगसाठी अक्षरांच्या रेषा

लेझरवर किंवा प्लाझ्मावर नावाची पाटी कापायची असेल तर मजकुराची भौमितिक रेषा करावी लागते. कॅडमधली 'टीएक्सटीएक्सपी' हे करते, पण पडद्यावरच्या आकारावर ती अवलंबून असते आणि वळणे खडबडीत येतात. इंकस्केप हे चित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर जास्त भरवशाचे आहे, कारण तिथे जोडाक्षरे नीट जुळतात. मजकूर लिहा, 'ऑब्जेक्ट टू पाथ' द्या, ग्रुप सोडवा.

यापुढची पायरी मराठीसाठी अत्यावश्यक आहे आणि तीच वगळली जाते. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात थोडी घुसलेली असते, तशी ती मुद्दाम आखलेली असते. भरीव छापताना हे दिसत नाही. कापताना मात्र यंत्र प्रत्येक अक्षराची पूर्ण कड कापते आणि शब्दाची शिरोरेषा प्रत्येक सांध्यावर तुटते. 'सांगली' एका तुकड्यात येण्याऐवजी सुटी अक्षरे हातात येतात. म्हणून सगळे निवडून 'पाथ'मधून 'युनियन' करा, आणि कडा मोठ्या करून सांधे बघा. आतली उभी रेघ राहिली असेल तर दोन आकृत्या एकमेकींना फक्त टेकल्या आहेत, घुसलेल्या नाहीत. एकीला केसभर सरकवून पुन्हा युनियन करा. वेगळी राहणारी टिंबे, म्हणजे अनुस्वार आणि चंद्रबिंदू, पाटीतून सुटून पडणार. त्यांना मागे पट्टी लावायची की खाली जोड द्यायचा ते गिऱ्हाइकाला आधी विचारा. पत्र्यातून अक्षर कोरून काढायचे असेल, म्हणजे स्टेन्सिल, तर उलटे: 'व', 'ब', 'ठ' यांच्या पोटातला भाग पडतो, तिथे पूल ठेवावे लागतात.

डीएक्सएफ सेव्ह करताना एकक मिलिमीटर निवडा आणि शेजारी १०० मिमीची एक सरळ रेघ ठेवा. कॅडमध्ये उघडून ती मोजा, १०० भरली की पुसून टाका. २५४० भरली तर कुठेतरी इंचांचा घोळ आहे.

फाइल दुसऱ्याला देताना

ड्रॉइंग द्यायचे असेल तर 'ईट्रान्समिट' वापरा आणि त्याच्या सेटिंगमध्ये 'इन्क्लूड फॉन्ट्स'ची खूण करा. लागणारे एसएचएक्स आणि टीटीएफ झिपमध्ये आपोआप येतात. परवान्याचा फॉन्ट असा वाटता येत नाही, तिथे फॉन्टचे नाव कळवा.

पीडीएफ द्यायची असेल तर प्लॉटरच्या पीसी३ सेटिंगमध्ये दोन पर्याय असतात: फॉन्ट आत घेणे किंवा सगळा मजकूर रेषांत बदलणे. पहिल्यात मजकूर शोधता येतो, दुसऱ्यात तो कुठेही उघडला तरी तसाच दिसतो. मंजुरीच्या आणि साइटवर जाणाऱ्या मराठी नकाशांना दुसरा पर्याय द्यावा. फाइल थोडी जड होते, होऊ द्या. अक्षरे पोकळ छापली गेली तर 'टेक्स्टफिल' शून्य झालेला आहे, तो १ करा. आणि पीडीएफमध्ये प्रत्येक एसएचएक्स मजकुरावर पिवळ्या कॉमेंटची चौकट येत असेल तर 'पीडीएफएसएचएक्स' शून्य करून पीडीएफ पुन्हा काढा.